फाल्गुनापासून मृगापर्यंत : जुन्या वाड्यांतील किडीमुंगीचा बंदोबस्त व दप्तरांचें आयुष्य

मराठी दप्तरें कशानें नष्ट झालीं, असा प्रश्न निघाला म्हणजे आग, पूर, लूट आणि वारसांची बेपर्वाई हीं चार नांवें लागलींच घेतलीं जातात. पांचवें नांव किडीचें. तें घेतलें जातें खरें, पण एखाद्या दैवी आपत्तीचें घ्यावें तसें. वाळवीनें खाल्लें, कसर लागली, उंदरांनीं फाडलें, एवढें बोलून संग्राहक मोकळा होतो; जणूं वाळवी ही कोणाच्याही घरांत, केव्हांही, सारखीच लागते. वस्तुस्थिति तशी नाहीं. एकाच गांवांत, एकाच घराण्याच्या दोन शाखांपैकीं एकीच्या माळ्यावर अडीचशें वर्षांचे कागद धड राहतात, आणि भिंतीपलीकडे दुसरीच्या फडताळांतून मातीचा ढीग तेवढा हातीं येतो. कागद तोच, शाई तीच, हवा तीच. तेव्हां या फरकाचें कारण कागदांत न शोधतां घरांत शोधलें पाहिजे. होळीपासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत घर, परसूं, धान्य व कापडचोपड यांची जी आवराआवर आमच्याकडे होत असे, तिच्याच पोटांत दप्तराची राखणही येत असे. ती आवराआवर जेथें चालू राहिली तेथें बहुधा कागद टिकले व जेथें थांबली तेथें ते गेले, असें आमचें मत झालें आहे. तें कशावरून, हें पुढें सांगावयाचें आहे.

प्रथम हंगामाविषयीं. किडीचा हंगाम आपल्याकडे वसंतांत सुरू होतो. डोळ्यांस तो दिसतो मात्र पावसाच्या तोंडीं. फाल्गुनांत थंडी ओसरली कीं धान्यांतील टोके व सोंडे, लोकरींतील कसर, पलंगांतील ढेकूण यांची वीण वाढूं लागते. ऊब जितकी अधिक तितका अंड्यापासून पुऱ्या किड्यापर्यंतचा काळ आखूड होतो. चैत्र-वैशाखांत विंचू थंड जागा शोधीत जोत्याच्या फटींत शिरतात. वाळवीची गोष्ट थोडी निराळी आहे. जमीन तापून कोरडी पडली म्हणजे ती ओलाव्यामागें खोल जाते, आणि तो ओलावा घरच्या मोरीखालीं किंवा गळक्या भिंतीच्या पायाशीं असेल तर तिकडेच वळते. मृगाचे पहिले सडाके पडून गेले कीं दिवेलागणीस दिव्याभोंवतीं पंखांचीं पाखरें जमतात व सकाळीं अंगणांत गळालेल्या पंखांचा खच पडतो. तींच वाळवीच्या नव्या संसाराचीं नर-मादी. पंख गळाल्यावर त्यांस हवी असते एक फट. हजारांतून एखादेंच जोडपें तगतें, पण जें तगतें त्याचा पसारा वर्षांनुवर्षें वाढत जातो. म्हणून फटी बुजवावयाच्या त्या पावसाआधीं. नंतर बुजवून वाळवी आंत कोंडली जाते इतकेंच.

हें ज्ञान आपल्याकडे फार जुनें आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिगत पाण्याचीं लक्षणें सांगतांना वारुळाचा वारंवार आधार घेतला आहे: अमुक झाडाच्या अमुक दिशेस वारूळ असेल तर इतक्या पुरुषांवर पाणी लागेल. पाणाड्याच्या कामीं याचा भरंवसा किती धरावा हा प्रश्न वेगळा. परंतु वारूळ आणि ओल यांची सांगड सहाव्या शतकांत पक्की बसलेली होती हें त्यावरून दिसतें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन अधिकरणांत उंदरांचा उपद्रव राष्ट्रावरील दैवी संकटांत गणला असून, त्यावर मांजरें व मुंगूस सोडावे, त्यांस पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पण दंड करावा, निवडुंगाच्या चिकानें माखलेलें धान्य पसरावें, आणि वेळ पडल्यास प्रजेवर उंदरांचाच कर बसवावा, असे उपाय दिलेले आहेत. पोथीच्या शेवटीं लेखक जी प्रार्थना लिहीत ती तर आमच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांतली. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राख व मूर्खाच्या हातीं देऊं नको, असें पोथी स्वतःच विनविते. कांहीं पाठांत अग्नीचें व विशेषेंकरून उंदराचें नांव येतें. नेहमीच्या पाठांत वाळवी नाहीं, पण सैल बांधणी आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. दोन फळ्यांमध्यें घट्ट आवळलेल्या पोथींत दमट हवा सहज शिरत नाहीं व किड्यासही पानांमधून वाट मिळत नाहीं. त्या श्लोकाकडे आपण कौतुकानें पाहतों. लिहिणाऱ्यानें तो सूचनापत्र म्हणून लिहिला होता.

मराठेशाहीच्या कागदांत या विषयावरील दोन लेख आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला, शिवाजीमहाराजांनीं राज्याभिषेकाच्या आगेमागें, ऐन उन्हाळ्यांत, चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस पाठविलेलें पत्र. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये, या आशयाकरितां तें प्रसिद्ध आहे व तें योग्यच आहे. पण त्याच पत्रांत पुढें पागेंतील गवताची चिंता आहे. पावसाळ्याकरितां जमविलेलें दाणावैरण बेतानें पुरवावें, हें सांगून झाल्यावर महाराज आगीकडे वळतात: कोणी भलत्या जागीं चूल मांडील, कोणी तमाखूसाठीं विस्तव नेईल, वारा पाहणार नाहीं; आणि शेवटीं, रात्रीं घरांत दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल व गवतास लागेल, सबब दिवे ठेवूं नयेत. उंदीर वात कां नेतो, तर ती तेलांत भिजलेली असते म्हणून. राज्यकर्त्याच्या लेखणींत ही गोष्ट यावी याचें कित्येकांस आश्चर्य वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या देशांत चार महिने गवत, धान्य, कापड आणि कागद हें सारें एकाच छपराखालीं राहावयाचें, तेथें उंदीर ही राज्यकारभाराचीच बाब होती. या पत्राची मिति १६७३ कीं १६७४ याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. महिना मात्र मे, म्हणजे पाऊस तोंडावर आलेला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें सालापेक्षां महिन्याचें महत्त्व अधिक.

दुसरा लेख रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्राचें दुर्गप्रकरण. रचना १७१५-१६ च्या सुमाराची. गडावरील राजमंदिराच्या भिंतींस चुन्याचा गच्च गिलावा द्यावा, उंदीर, विंचू, किडा, मुंगी यांस राहण्यास भेग म्हणून ठेवूं नये, भोंवतीं निर्गुडी आदिकरून झाडांचें दाट कुंपण करावें, असें त्यांत सांगितलें आहे. केराविषयीं तर अधिकच बारकावा आहे. वाटेवर, बाजारांत, तटाशीं केर पडूं देऊं नये, तो गडाखालीं लोटूंही नये; जागच्या जागीं जाळावा, ती राख परसांत टाकावी व घरोघरीं भाजीपाला करावा. दारूखान्याची व्यवस्थाही याच मासल्याची. दारूचीं भांडीं जमिनीस टेकूं न देतां माच्यांवर ठेवावीं, आणि आठां-पंधरां दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन माल बाहेर काढावा, ऊन द्यावें, पुन्हां आंत ठेवून मुद्रा करावी. येथें किडीचें नांव नाहीं. हेतु ओल घालविण्याचा आहे. पण जमिनीपासून उंच ठेवणें, ठराविक दिवसांनीं उघडणें, ऊन देणें, जबाबदार माणसानें जातीनें हजर राहणें आणि पुन्हां मोहोर करणें हा क्रम दप्तरखान्यास जसाच्या तसा लागू पडतो. आमच्या कोणा सभासदानें आपल्या संग्रहाकरितां नियम करावयाचे म्हटले तर याहून चांगला नमुना त्यास मिळणार नाहीं; मोठीं कपाटें मात्र पुष्कळ विकत मिळतील.

आतां प्रत्यक्ष घराकडे वळूं. देशावरील वाड्याचें जोतें घडीव काळ्या दगडाचें असतें, आणि सागाचा खांब जमिनींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो. शोभा हा यांतला दुय्यम भाग. लांकूड आणि माती यांची गांठ पडूं न देणें हा मुख्य. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा तोंड लावीत नाहीं, पण बाहेरचा पांढुरका भाग खाते, व त्यावरून मातीच्या नळ्या बांधीत वर तुळईपर्यंत जाते. खांब तळखड्यावर असला म्हणजे या नळ्या दगडावर उघड्या पडतात आणि झाडणाऱ्या बाईच्या डोळ्यांस दिसतात. जुन्या गवंडी-सुतारांनीं वाळवीस पुरतें अडविलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं तिला लपूं दिलें नाहीं, आणि उरलेलें काम केरसुणीवर सोंपविलें. ज्या वाड्यांत नंतरच्या मालकांनीं ओसरीस फरशी करतांना हे तळखडे मातीखालीं वा सिमेंटाखालीं गाडले, तेथें खांब आंतून पोखरले जाऊन वरून रंग तेवढा शाबूत राहतो.

शिशिर सरल्यावर पहिलें काम परसांतलें. भिंतीस टेकलेली सरपणाची रास हलवून उघड्यावर रचावयाची, कारण सरपणाच्या तळाशीं वाळवी आणि पोटांत विंचू हा नियमच. उकिरडा उपसून खत शेतांत धाडावयाचें. मेलेल्या झाडाचे बुंधे खणून काढावयाचे. पालापाचोळा, काटक्या, मोडकीं सुपें-टोपल्या होळींत जावयाच्या. होळी ही मुळांत कीड मारण्याकरितांच निघाली असें सांगण्याची अलीकडे एक टूम आहे. तिच्याशीं आम्ही सहमत नाहीं. सणाचा अर्थ इतका स्वस्त नसतो. पण सणाच्या निमित्तानें परसूं साफ होत असे, व तें वर्षाच्या नेमक्या वेळीं होत असे, एवढें कबूल करण्यास हरकत नाहीं. त्यानंतर भिंतींचीं पोपडीं, उंदराचीं बिळें, मोरीच्या कडा चुन्यानें बुजवावयाच्या, तुळयांच्या टोकांस बिब्ब्याचें तेल द्यावयाचें, आणि वैशाखांत शाकारणी करावयाची. गळकें कौल हेंच वाळवीचें निमंत्रण; वरून पाणी न आल्यास खालून वाळवीही फार काळ राहत नाहीं. शेणाच्या सारवणाविषयीं मात्र आमचा अभिप्राय मध्यम आहे. तें फटी बुजवितें हें खरें. परंतु भुसामिश्रित मातीची जाड भिंत वारंवार ओली करीत गेल्यास तीच वाळवीस अन्न व आसरा दोन्ही देते.

धान्याचा विस्तार येथें नको. कणगी आंतून-बाहेरून सारवून वाळविणें, कडधान्य राखेंत घोळणें, तुरीच्या डाळीस एरंडेल चोळणें, पेवांत धान्य भरण्यापूर्वीं त्यांत कडबा पेटवून तें कोरडें करणें, या चाली सर्वांस ठाऊक आहेत. राखेविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं ती विषानें मारीत नाहीं. किड्याच्या अंगावरील मेणासारखें पातळ कवच ती घांसून काढते व किडा सुकून मरतो. आमचा मुद्दा असा कीं ज्या उन्हांत धान्य पडे, त्याच उन्हाच्या दिवसांत शालजोड्या झटकल्या जात, आणि त्याच दिवसांत दप्तराचे रुमालही खालीं येत. या कामास वेगळा मुहूर्त नव्हता, वेगळा माणूस नव्हता, आणि म्हणूनच तें चुकत नसे.

रुमालांत काय घालीत? कडुनिंबाचीं पानें, वेखंडाचे तुकडे, क्वचित् कापूर. फाल्गुनांत कडुनिंब झडतो व पाडव्याच्या सुमारास नव्या पालवीनें भरतो. गुढीस जो डहाळा लागतो त्याच झाडाचीं पानें सावलींत वाळवून धान्यांत, पेटींत व रुमालांत जात. वाळलेलें पान वर्षभरांत निःसत्त्व होतें, म्हणून दर वर्षीं तें बदललें पाहिजे. दिल्लीच्या कृषिसंशोधकांनीं १९६२ च्या सुमारास असें दाखविलें कीं निंबोळीच्या गराचें पाणी मारलेल्या पाल्यास टोळ भुकेले राहूनही तोंड लावीत नाहींत. १९६८ मध्यें त्यांतील अझॅडिरॅक्टिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. किड्यास मारण्यापेक्षां त्याचें खाणें बंद करणें व त्याची वाढ खुंटविणें हें त्याचें काम. वेखंडांतील तेलाचा गुण त्याहून तीव्र असून त्यानें कित्येक किड्यांची वीणच थांबते. हरताळाची कथा वेगळी आहे. पोथींतील चूक पुसण्यास हरताळाचा लेप देत, त्यावरूनच एखाद्या गोष्टीवर हरताळ फांसणें हा वाक्प्रचार निघाला. कांहीं पोथ्यांचीं पानें सबंधच हरताळानें पिवळीं केलेलीं असतात आणि तीं किड्यानें क्वचितच खाल्लेलीं आढळतात. हरताळ म्हणजे सोमलाचा गंधकाशीं झालेला संयोग. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची खोड असलेल्या संशोधकांनीं पिवळ्या पोथीपुढें ती आवरावी. लाल खारव्याच्या कापडास कीड लागत नाहीं, ही समजूत मात्र आम्हांस निराधार वाटते. लाल रुमालांतलेही कागद खाल्लेले पुष्कळ निघतात. रुमालाचा गुण त्याच्या रंगांत नसून त्याच्या गांठींत आहे.

दप्तरें वैशाख-ज्येष्ठांत उघडलीं जाण्यास दुसरेंही एक कारण होतें, आणि त्याकडे आजवर पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. मराठी अमलांतील शुहूर सन मृगाच्या सुमारास पालटत असे. त्यासच मृगसाल म्हणत. सालअखेरचे हिशेब, ताळेबंद, गांवांचे वसूलबाकीचे कागद याच दिवसांत जुळावयाचे. म्हणजे पावसाळा लागण्यापूर्वीं कारकुनास मागील सालांचे रुमाल सोडून, चाळून, पुन्हां बांधणें भागच पडे. वाळवी पाहण्याकरितां तो ते उघडीत नव्हता. पण उघडल्यावर ती दिसल्यावांचून राहत नव्हती. वर्षाचा शेवट आणि किडीच्या हंगामाचा आरंभ असे एकाच पंधरवड्यांत येणें ही दप्तरांस लाभलेली मोठी देणगी होती. हा अर्थात् आमचा तर्क आहे, पण हिशेबी दप्तरें खाजगी पत्रांपेक्षां अधिक सलग टिकलेलीं आढळतात, या सर्वांच्या अनुभवास तो जुळतो.

ही सांखळी तुटली ती तीन ठिकाणीं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां प्रत्येक इनामदारास आपल्या सनदा, ताकीदपत्रें व भोगवट्याचे कागद दाखविणें प्राप्त झालें. त्या दहा-बारा वर्षांत घरोघरचे रुमाल जितके उघडले गेले तितके आधीं वा नंतर कधीं उघडले गेले नसतील. १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनीं बहुतेक इनामांचा ठराव होऊन सरकारी सनदा हातीं आल्या, आणि जुन्या कागदांची गरज संपली. ते माळ्यावर गेले. ज्या माळ्याखालीं चूल होती तेथें धुरानें ते काळवंडले पण वांचले. ज्याखालीं देवघर किंवा बाळंतिणीची खोली होती तेथें त्यांस कोणी विचारलें नाहीं.

दुसरी घटना प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत साथ उघडकीस आली व पाठोपाठ पुण्यांत शिरली. १८९७ च्या मार्चापासून, म्हणजे नेमक्या आवराआवरीच्या हंगामांत, पुण्यांत सरकारी तुकड्या घरें तपासूं लागल्या. जमिनी उकरणें, भिंतींस चुना फांसणें, संशयित सामान जाळणें हे प्रकार मेपर्यंत चालले. त्यांतून उसळलेल्या संतापाचा इतिहास सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें कीं साथीचा संबंध उंदरांच्या पिसवांशीं आहे हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचीस प्रयोगानें दाखविलें तें १८९८ मध्यें. त्यापूर्वींच जमिनी उकरल्या गेल्या आणि चिंध्या-कागद संशयित ठरले. जुन्या कापडांत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा हा तपासनिसास घाणच वाटणार. शिवाय लोक घरें सोडून रानांत झोंपड्या बांधून राहूं लागले, आणि सोडलेल्या घरांत वसंतांतली झाडलोट कोण करणार?

तिसरी घटना आपल्या डोळ्यांदेखतची. १९५० नंतरच्या दशकांत इनामें व वतनें रद्द झालीं, कूळकायद्यानें जमिनी गेल्या, मुलें पुण्या-मुंबईस नोकरीस राहिलीं. वाड्यास कुलूप लागलें. राजवाड्यांनीं वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ मध्यें आपला पहिला खंड काढला व १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हां संशोधक ज्या घरांत जात तेथें निदान माणसें राहत होतीं. दप्तर दाखविण्यास कोणी नकार देवो वा होकार, खालीं चूल पेटत होती व अंगण झाडलें जात होतें. बंद वाड्यांत कागदांचा शत्रु एकच नसतो. प्रथम कौल सरकतें, मग भिंत ओली होते, मग वाळवी, मग तिच्या मागोमाग मुंग्या. आणि शेवटीं वाटणीच्या वेळीं कोणी तरी दार उघडून सर्व माती एकत्र लोटून टाकतो.

या शेवटच्या मातीविषयीं संशोधकांस कांहीं विशेष सांगावयाचें आहे. किडीची खूण ही केवळ हानि नव्हे, तो पुरावाही आहे. वाळवी खालून व कडेकडून खाते आणि मागें माती ठेवते. यावरून गठ्ठा जमिनीवर होता कीं भिंतीस टेकून होता हें कळतें. कसर वरचा थर खरवडते, तीही जेथें खळ अधिक तेथें. आमच्याकडील जुन्नरी व दौलताबादी कागद खळ देऊन घोटलेले असल्यामुळें त्यांवर हे खरवडे ठळक उठतात. झुरळ कडा कुरतडतें, उंदीर घरट्यासाठीं पट्ट्या काढतो. सर्वांत बोलका तो कागद पोखरणारा भुंगेरा. त्याची अळी पानांमधून आरपार बोगदा करते. कागद घडी केलेला असतांना बोगदा पडला असेल तर उलगडल्यावर तींच भोकें घडीच्या दोहों बाजूंस सारख्या अंतरावर उमटलेलीं दिसतात. पसरलेला असतांना पडला असेल तर भोक एकच. आतां समजा, एका पत्राचीं भोकें दुसऱ्या पत्राच्या भोकांशीं तंतोतंत जुळलीं. तर तीं दोन पत्रें एकाच गठ्ठ्यांत लगत होतीं हें निश्चित, मग आज तीं दोन निराळ्या संग्राहकांकडे कां असेनात. आणि त्यांपैकीं एक १७६० चें व दुसरें १८१० चें असेल तर बोगदा १८१० नंतरचा, व गठ्ठाही त्यानंतरच तसा बांधलेला. विस्कटलेलें दप्तर मूळ क्रमानें लावण्यास याहून चांगलें साधन बहुधा मिळत नाहीं.

बनावट सनद ओळखण्यासही याचा उपयोग आहे. खऱ्या जुन्या लेखांत भोक अक्षरावर पडलें तर अक्षर तुटतें व त्याची शाई कागदाबरोबर जाते. उलट, जुना कोरा कागद मिळवून त्यावर मागाहून लिहिलें असेल तर लेखक भोक चुकवून लिहितो, किंवा शाई भोकाच्या कडेंत उतरून तंतूंत पसरलेली दिसते. काजळाची शाई पाण्याप्रमाणें धांवत नाहीं, तरी भिंगाखालीं कडा पाहिली कीं भोक आधीं कीं अक्षर आधीं याचा उलगडा होतो. शिक्क्याची व वळणाची परीक्षा करणारे आमचे मित्र या साध्या परीक्षेकडे दुर्लक्ष करतात याचें आम्हांस नवल वाटतें.

म्हणूनच रुमाल हातीं आल्याबरोबर तो झटकून, कापड फेकून, कागद कालानुक्रमानें लावून टाकण्याची घाई करूं नये. गठ्ठा जसा आहे तसा चोहोंकडून छायाचित्रांत घ्यावा. घराच्या कोणत्या खोलींत, किती उंचीवर, कशांत ठेवलेला होता हें मालकास विचारून लिहून घ्यावें. मगच गांठ सोडावी. नवा रुमाल जुन्या संग्रहांत एकदम ठेवूं नये. एका बाहेरून आणलेल्या पेटीमुळें सबंध कपाट पोखरलें गेल्याचीं उदाहरणें आहेत. कागद कोरडा असल्यास जाड प्लास्टिकच्या पिशवींत हवाबंद करून शून्याखालीं वीस अंशांवर दोन आठवडे ठेवावा, आणि पिशवी न उघडतां पुन्हां खोलीच्या उष्णतेस येऊं द्यावी; यानें अंडींही मरतात. ओला कागद प्रथम सावलींत वाळवावा. प्रखर ऊन काजळाच्या शाईस कांहीं करीत नाहीं, पण कागद पिवळा व ठिसूळ करतें. आमच्या वाडवडिलांचें अनुकरण येथें उन्हाच्या बाबतींत न करतां वाऱ्याच्या बाबतींत करावें. पूर्वी दप्तरांवर गॅमेक्झिनची पूड शिंपण्याची रीत होती. त्या जातीचें विष भारतांत १९९७ मध्यें बंद झालें तरी पूड कागदांत अजून आहे. तेव्हां पांढुरकी भुकटी दिसल्यास नाकातोंडास फडकें बांधल्याशिवाय गठ्ठा हलवूं नये. खळींत मोरचूद घालण्याचा जुन्या दुरुस्तीकारांचा प्रघातही सोडावा.

संग्रह ज्या घरांत आहे त्याचें परसूं शिमग्याच्या आधीं स्वतः फिरून पाहावें. भिंतीस टेकलेलें लांकूड, मोरीलगतची भेग, पायाशीं वाढलेली बाग, नळाची गळती, हीं चार ठिकाणें पाहण्यास अर्धा तास पुरतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें व जमिनीपासून तितकेंच वर असावें, म्हणजे मातीची नळी दिसते. वैशाखांत प्रत्येक रुमाल एकदां उघडून बांधावा व उघडल्याची तारीख वहींत लिहावी.

रुमाल सोडतांना आंत कडुनिंबाचीं वाळलेलीं पानें निघालीं तर तीं केरांत टाकूं नयेत. त्यांचा चुरा झालेला असतो, हिरवा रंग गेलेला असतो, कधीं कधीं देठच तेवढे राहिलेले असतात. ज्या कागदाच्या घडींत तीं सांपडलीं त्याचा क्रमांक लिहून लहान पाकिटांत ठेवावीं. जेथें सालानें शेवटचा कागद पुष्कळ जुना आहे, पण पानें अद्याप सबंध आहेत, तेथें तो रुमाल अलीकडे कोणी तरी उघडला होता. कोणी व कशाकरितां, हें त्या घरच्या वृद्ध मंडळींस विचारण्याची वेळ अजून कित्येक गांवीं टळलेली नाहीं.